प्लॅस्टिकची सांधणी : कोणत्या वस्तूस कोणतें चिकटद्रव्य?

आपल्या वाडवडिलांच्या काळीं शेतकऱ्याच्या घरांत सांधणीचीं द्रव्यें मोजकींच असत. कागदास खळ, लांकडास सरस, विळ्याच्या मुठीस लाख आणि गळक्या भांड्यास राळ. कोणत्या वस्तूस कोणतें द्रव्य हें घरांतील पोरासही ठाऊक असे. खळ घेऊन कोणी नांगर सांधावयास बसत नसे. आतां शेतीचें बहुतेक साहित्य प्लॅस्टिकचें झालें आहे. विहिरीवरील पाइप, ठिबकाच्या नळ्या, फवारणीचा पंप, शेततळ्याचें अस्तर, ताडपत्री, पाण्याची टांकी, फार काय, खताची गोणीही प्लॅस्टिकचीच. परंतु या सर्वांस आपण एकच नांव दिल्यामुळें त्या सर्व वस्तु एकाच जातीच्या आहेत असा समज होऊन बसला आहे, आणि दुकानांतून एखादें चिकटद्रव्य आणून तेंच सर्वांस फांसण्याचा प्रघात पडला आहे. या समजाचा दंड प्रस्तुत लेखकास भरावा लागला. तो इतरांस भरावा लागूं नये, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिण्याचें योजिलें आहे.

घडलेली हकीकत

तहसील कचेरींत तीस वर्षें कारकुनी केल्यावर मी करमाळा तालुक्यांत, उजनी धरणाच्या फुगवट्यालगत असलेली वडिलोपार्जित जमीन स्वतः पाहूं लागलों. इ. स. २०२२ च्या उन्हाळ्यांत दोन एकर केळीस पाणी नेण्याकरितां तीन इंची करडा पाइप जमिनींत गाडला. बांधापलीकडील शेवटचा टप्पा उघड्यावरून जावयाचा होता. तेथें घालण्यासाठीं पुतण्यानें स्वस्तांत मिळालेला काळा पाइप आणला. दोहोंचा बाहेरील व्यास ९० मिलिमीटरच असल्यामुळें काळा पाइप करड्या कपलरमध्यें चपखल बसला. दुकानदारास विचारतां, "हें सोल्यूशन कशालाही चालतं, अण्णा," असें उत्तर मिळालें. मीं स्वतःच्या हातानें दोन्ही अंगांस सोल्यूशन लाविलें, पाइप बसविला, तासाभरानें ओढून पाहिला. तो हलला नाहीं. मी समाधानानें घरीं गेलों.

त्या आठवड्यांत शेतीची वीज मध्यरात्रीनंतर येत असे. दुसऱ्या रात्रीं वीज येतांच पंप आपोआप सुरू झाला. पहाटे जाऊन पाहतों तों सांधा पार निसटलेला, आणि रात्रभरचें सर्व पाणी शेजाऱ्याच्या वावरांत शिरलेलें. तेथें काढून, पात कापून सुकत घातलेला कांदा होता. भिजलेला कांदा चाळींत टिकत नाहीं, हें शेतकरी वाचकांस सांगावयास नको. हे शेजारी माझ्याहून वडील. त्यांस आम्ही आबा म्हणतों. ते रागावले नाहींत, हेंच मला अधिक लागलें. "अण्णा, जन्मभर लोकांच्या जमिनींच्या हद्दी लिहिल्यात, पाण्याला हद्द घालायचं तेवढं शिकायचं राहिलं," इतकेंच ते बोलले. निवडून बाजूस काढलेल्या खराब कांद्याची किंमत त्या दिवसाच्या बाजारभावानें मीं त्यांस दिली. केळीचें पाणी मात्र चार दिवस चुकलें, व ऐन निसवणीच्या वेळीं ताण बसल्यामुळें घड लहान राहिले.

सांधा उघडून पाहिला तेव्हां कारण डोळ्यांपुढेंच होतें. करड्या कपलरच्या आंत सोल्यूशन एकजीव झालें होतें. काळ्या पाइपावरून मात्र तेंच सोल्यूशन कांद्याच्या पापुद्र्याप्रमाणें नखानें सोलून निघालें. दोष सोल्यूशनचा नव्हता, पाइपाचाही नव्हता. उतारा न पाहतां खरेदीखत करणाराचा होता. त्यानंतर पाइपलाइनीचें काम करणाऱ्या जाणत्या कारागिरांकडून व स्वतः अनुभव घेऊन जें कांहीं शिकलों तें पुढें देत आहें.

चिकटणें म्हणजे काय?

चिकटण्याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्या प्रकारांत चिकटद्रव्य दोन पृष्ठभागांच्या मध्यें राहून दोहोंस धरून ठेवितें; सरसानें लांकूड धरतें तसें. दुसऱ्या प्रकारांत द्रव्य स्वतः धरीत नाहीं, तर दोन्ही पृष्ठभाग विरघळवून त्यांस एकमेकांत मिसळूं देतें आणि आपण उडून जातें. करड्या पाइपाचें सोल्यूशन या दुसऱ्या प्रकारचें होय.

पहिल्या प्रकारास एक अट आहे. द्रव्य पृष्ठभागावर नीट पसरलें पाहिजे. अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब जसा गोळा होऊन गडगडतो, तसाच तो पॉलिथिनवरही गोळा होतो. आणि जेथें पाणी पसरत नाहीं तेथें साधीं चिकटद्रव्येंही बहुधा धरत नाहींत. दुसऱ्या प्रकारास निराळी अट आहे. त्या द्रव्यांत ती वस्तु विरघळली पाहिजे. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन या दोन जाती साध्या तापमानास जवळजवळ कशांतच विरघळत नाहींत. म्हणूनच तेल, आम्ल व औषधें ठेवावयास त्या उत्तम. आणि म्हणूनच चिकटविण्यास त्या सर्वांत हट्टी. जो गुण तोच अडथळा.

जात कशी ओळखावी?

सात-बाराचा उतारा पाहिल्याशिवाय जसा जमिनीचा व्यवहार करूं नये, तसें वस्तूची जात ओळखल्याशिवाय चिकटद्रव्य विकत घेऊं नये. ओळखण्याचे उपाय तीन आहेत.

पहिला, वस्तूवरील खूण. अनेक वस्तूंच्या बुडाशीं बाणांचा त्रिकोण व त्यांत आंकडा असतो. ही पद्धति इ. स. १९८८ मध्यें अमेरिकेंत सुरू झाली. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचें पेट, २ म्हणजे जड पॉलिथिन अर्थात् एच. डी. पी. ई., ३ म्हणजे पी. व्ही. सी., ४ म्हणजे हलकें पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, आणि ७ म्हणजे इतर सर्व. पाइपावर हा त्रिकोण बहुधा नसतो. तेथें भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला असतो. पाण्याच्या करड्या पी. व्ही. सी. पाइपावर आय. एस. ४९८५ व काळ्या एच. डी. पी. ई. पाइपावर आय. एस. ४९८४ असा क्रमांक पाहावा. हा एक आंकडा मीं वाचला असता तर आबांचा कांदा वांचला असता.

दुसरा उपाय पाण्याचा. वस्तूचा नखाएवढा तुकडा कापून पाण्याच्या पेल्यांत बुडवावा व पाण्यांत साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे हवेचे बुडबुडे त्यास चिकटून राहणार नाहींत. पॉलिथिन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात; पी. व्ही. सी., पॉलिस्टायरीन, नायलॉन व ॲक्रिलिक बुडतात. थर्माकोलासारखी फुगविलेली वस्तु अर्थात् या परीक्षेस चालत नाहीं. ही परीक्षा फुकट व निर्धोक असून शेतकऱ्याच्या नव्वद टक्के अडचणी तिनेंच सुटतात. कारण तरंगणाऱ्या वस्तूस साधें चिकटद्रव्य लावावयाचेंच नाहीं, एवढें कळलें तरी पुरे.

तिसरा उपाय जाळाचा. तो नाइलाजानेंच, उघड्या हवेंत, चिमट्यांत अगदीं लहान कपचा धरून करावा. पॉलिथिन मेणबत्तीप्रमाणें जळतें, त्याचे थेंब गळतात व विझविल्यावर मेणबत्तीचाच वास येतो. पी. व्ही. सी. ज्योतींतून काढतांच विझतें, ज्योतीच्या कडेस हिरवट झांक दिसते व नाकास झोंबणारा धूर येतो. हा धूर आम्लाचा असून विषारी आहे. तो हुंगण्यास तोंड जवळ नेऊं नये. पॉलिस्टायरीन काजळीचे धागे सोडीत जळतें.

करडा पाइप व त्याचें सोल्यूशन

पी. व्ही. सी. पाइपास सोल्यूशनसारखा सोपा व बळकट सांधा नाहीं. परंतु तो बिघडतो तो बहुतेक वेळां करणाराच्या घाईनें. कृति अशी :

पाइप काटकोनांत कापावा. करवतीचा कीस व आंतबाहेरची कोर कानशीनें काढावी व बाहेरील कडेस किंचित् उतार द्यावा. नाहीं तर तीक्ष्ण कड सोल्यूशन खरवडून आंत ढकलते. प्रथम सोल्यूशनशिवाय पाइप कपलरमध्यें घालून पाहावा. तो कपलरच्या खोलीच्या एकतृतीयांशापासून दोनतृतीयांशापर्यंत सहज जाऊन पुढें घट्ट व्हावा. सैल जाऊन तळाशीं डगडगत असेल तर तें जोडसाहित्य परत करावें. सोल्यूशन पोकळी भरण्याकरितां नसतें. मग पूर्ण खोलीची खूण पेन्सिलीनें करावी, दोन्ही अंगें कोरड्या स्वच्छ फडक्यानें पुसावीं व बारीक कागदानें चकाकी मोडावी. ओल, माती व तेल हे सांध्याचे तीन वैरी.

कपलरच्या आंत पातळ व पाइपाच्या बाहेर जरा भरपूर, असें सोल्यूशन सर्व बाजूंनीं लावावें. तें ओलें असतांच पाइप पाव फेरा फिरवीत खुणेपर्यंत दाबावा व अर्धा मिनिट तसाच धरावा. सोडल्यास कपलर त्यास मागें ढकलतो. बाहेर आलेलें सोल्यूशन पुसून टाकावें. भर दुपारच्या उन्हांत सोल्यूशन लावतां लावतांच सुकतें व सांधा वरवर घट्ट पण आंतून कोरडा राहतो. यास्तव उन्हाळ्यांत हें काम सकाळीं करावें, किंवा पाइपावर ओलें पोतें टाकून तो थंड करून व पुसून घ्यावा.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. सांधा हातास घट्ट लागणें आणि त्यानें पाण्याचा दाब सोसणें यांत मोठें अंतर आहे. आंतील द्रव पूर्ण उडून जाण्यास वेळ लागतो. पूर्ण दाबाचें पाणी सोडण्यापूर्वीं चोवीस तास थांबावें. थंडींत व पावसाळ्यांत त्याहून अधिक. पाण्याची पाळी आली म्हणून संध्याकाळीं सांधावें व रात्रीं पंप लावावा, ही रीत अगदीं चुकीची होय. पाळीच्या दोन दिवस आधीं काम उरकावें.

सोल्यूशनच्या डब्याविषयीं दोन शब्द. त्यावर आय. एस. १४१८२ हा क्रमांक पाहावा. डबा उघडा ठेवूं नये. सोल्यूशन मधासारखें वाहत असेल तोंवरच वापरावें. दह्यासारखें थलथलीत झालें असेल तर फेंकून द्यावें, पेट्रोल किंवा थिनर घालून पातळ करूं नये. गरम पाण्याच्या फिकट पिवळसर पाइपाचें, म्हणजे सी. पी. व्ही. सी. चें, सोल्यूशन वेगळें असतें. त्यास करड्याचें सोल्यूशन लावूं नये. सोल्यूशनच्या वाफा पेट घेतात व डोकें चढवितात. काम करतांना विडी ओढूं नये, व विहिरींत किंवा बंद खोलींत उतरून डबा उघडूं नये.

उघड्यावरील पाइप उन्हानें वाढतो हेंही ध्यानांत असावें. तापमानांत तीस अंशांचा फरक पडला तर दहा मीटर करडा पाइप सुमारें दोन सेंटिमीटर वाढतो व तितकाच आखडतो. आमच्या काळ्या जमिनींत तर उन्हाळ्यांत भेगा पडतात व पावसांत माती फुगते. पाइप उथळ गाडला असेल तर हा सर्व ताण सांध्यावर येतो. चांगल्या सोल्यूशननें वाईट गाडलेला पाइप सांवरत नाहीं.

काळा पाइप व ठिबकाच्या नळ्या

एच. डी. पी. ई. च्या काळ्या पाइपास कोणतेंही सोल्यूशन लागू पडत नाहीं. त्याची सांधणी उष्णतेनें होते. दोन्ही तोंडें कापून सारखीं करून सुमारें २१० ते २२० अंश सेंटिग्रेड तापलेल्या तव्यावर टेंकवितात व वितळतांच एकमेकांवर दाबून थंड होईपर्यंत हलूं देत नाहींत. नीट केलेला असा सांधा मूळ पाइपाइतकाच मजबूत असतो. यंत्र जवळ नसेल तर रबरी कडें व आटे असलेला दाबजोड वापरावा. काळा पाइप करड्यास जोडावयाचा असेल तर दोहोंस आपापल्या परीनें फ्लँज किंवा आट्यांचें जोडसाहित्य बसवून मध्यें रबर घालून आवळावें. माझ्या वावरांत तोच फ्लँज आज उभा आहे.

ठिबकाच्या लॅटरल नळ्या हलक्या पॉलिथिनच्या असतात. फुटलेल्या जागीं चिंधी गुंडाळून वर चिकटद्रव्य लावलेलें पुष्कळांच्या शेतांत दिसतें. तें एक पाळीही टिकत नाहीं. नळी तेथेंच सरळ कापावी, दोन्ही तोंडें कोंवट पाण्यांत बुडवून नरम करावीं व खांचांचा जॉइनर दाबून बसवावा. काम पांच मिनिटांचें व खर्च थोडक्या रुपयांचा.

फवारणीच्या पंपास भेग पडल्यास

येथें वाचकांनीं विशेष लक्ष द्यावें. इ. स. २०२१ च्या पावसाळ्यांत आमच्या पाठीवरच्या पंपाच्या टांकीस बुडाशीं केसाएवढी भेग गेली. पुतण्यानें झटपट चिकटणाऱ्या द्रव्याच्या नळीनें ती बुजविली व पाणी भरून पाहिलें; थेंबही गळेना. औषधाची तिसरी टांकी भरली तेव्हां पाठीच्या हेलकाव्यानें तो पापुद्रा सुटला आणि गड्याची पाठ व कंबर औषधानें भिजली. घाम समजून तो तसाच ओळ संपेपर्यंत फवारीत राहिला. पुढें त्यास घेरी आली, मळमळूं लागलें. कपडे काढून, साबणानें न्हाऊ घालून, औषधाच्या बाटलीसह त्यास सरकारी दवाखान्यांत नेलें. दोन दिवसांनीं तो सुखरूप घरीं आला. त्याच्या बायकोनें मला एवढेंच विचारलें, "अण्णा, नवा पंप केवढ्याला येतो?" त्याचें उत्तर माझ्याजवळ नव्हतें.

कित्येक कीटकनाशकें कातडींतून शरीरांत शिरतात. इ. स. २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें अनेक शेतकरी व मजूर दगावले, हें वाचकांच्या स्मरणांत असेलच. पंपाच्या टांक्या बहुधा पॉलिथिनच्या किंवा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. त्यांवर द्रव्य धरत नाहीं. धरलेंसें वाटलें तरी औषधें, ऊन व हेलकावे यांपुढें टिकत नाहीं. सबब औषधाच्या टांकीस चिकटद्रव्य लावूंच नये. टांकी बदलावी, न मिळाल्यास पंप बदलावा. सांधावयाचें कोठें हें जाणणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच कोठें सांधावयाचें नाहीं हें जाणणें महत्त्वाचें आहे.

शेततळें, ताडपत्री व मऊ नळी

शेततळ्याचें ५०० मायक्रॉनचें अस्तर पॉलिथिनच्या जातीचें असल्यानें त्याचे पट्टे तप्त पाचरीच्या यंत्रानें वितळवून जोडतात. भोंक पडल्यास त्याच अस्तराचा तुकडा, कोपरे गोल कापून, भोंकापेक्षां चारी बाजूंनीं चांगला मोठा घेऊन, पृष्ठभाग स्वच्छ व कोरडा करून, गरम हवेच्या यंत्रानें व रुळानें जाणत्या माणसाकडून बसवून घ्यावा. चौकोनी ठिगळाचा कोपरा प्रथम उचलला जातो. म्हणून गोल कोपऱ्याची शिफारस. हरितगृहाच्या कागदास उन्हांत टिकणारी त्याच कामाची चिकटपट्टी मिळते. घरगुती पारदर्शक पट्टी थोड्याच दिवसांत सुटते. विणीची ताडपत्रीही पॉलिथिनचीच असते. तिला शिवण घालून वरून पट्टी लावणें बरें.

मऊ पी. व्ही. सी. ची नळी किंवा रेनकोट यांत नरमपणासाठीं तेलकट द्रव्य घातलेलें असतें. तें हळूहळू बाहेर येऊन पुष्कळ चिकटद्रव्यांस सैल करितें. यास मऊ व्हिनाइलकरितां म्हणून विकलें जाणारें द्रव्यच घ्यावें. नळीस तर कापून मध्यें जोड व दोहों बाजूंस क्लिप हाच उपाय उत्तम.

झटपट द्रव्य व दोन नळ्यांचें द्रव्य

झटपट चिकटणाऱ्या थेंबाचें नांव सायनोॲक्रिलेट. हॅरी कूव्हर नांवाच्या अमेरिकन रसायनज्ञास तें इ. स. १९४२ मध्यें सांपडलें. बंदुकीच्या पारदर्शक दुर्बिणीसाठीं प्रयोग चालले असतां तें जेथें तेथें चिकटूं लागलें म्हणून बाजूस ठेविलें गेलें, व इ. स. १९५८ मध्यें बाजारांत आलें. हवेंतील ओलीनें तें घट्ट होतें. ॲक्रिलिक, पॉलिस्टायरीन, कडक पी. व्ही. सी. यांचे नीट जुळणारे लहान तुकडे त्यानें चांगले बसतात. थेंब एकच व थर पातळ असावा. जाड थर उशिरां धरतो व कमकुवत राहतो. धक्का व सततची ओल तें सोसत नाहीं. पॉलिथिनकरितां आधीं लावावयाच्या द्रवासह एक प्रकार मिळतो, परंतु तो हलक्या कामापुरताच. बोटें चिकटल्यास ओढूं नयेत. साबणाच्या कोंवट पाण्यांत भिजवून हळूहळू सोडवावीं. डोळ्यांत गेल्यास पाण्यानें धुवून थेट डॉक्टरांकडे जावें.

दोन नळ्यांतील राळ व कठिणक मिसळून लावावयाचें द्रव्य म्हणजे इपॉक्सी. तें पोकळीही भरतें. काचतंतूचें प्लॅस्टिक, लोखंड, लांकूड व खरखरीत केलेलें कडक पी. व्ही. सी. यांस तें उत्तम. पॉलिथिनवर मात्र तेंही निरुपयोगी. दोन्ही भाग डब्यावर सांगितलेल्या प्रमाणांतच घ्यावे. लवकर घट्ट व्हावें म्हणून कठिणक जास्त घातल्यास सांधा बिघडतो.

कोणतेंही द्रव्य असो, एक नियम सर्वांस लागू आहे. चिकटलेला सांधा सरळ ओढीस पुष्कळ सोसतो, परंतु सालीप्रमाणें कडेकडून सोलल्यास लवकर सुटतो. म्हणून टोंकास टोंक न लावतां एकावर एक चढवून रुंद जागेवर सांधावें.

उपसंहार

सारांश असा कीं, प्रथम क्रमांक वाचावा. क्रमांक नसेल तर तुकडा पाण्यांत टाकून पाहावा. बुडणाऱ्या वस्तूस तिच्या जातीचें द्रव्य शोधावें. तरंगणाऱ्या वस्तूस उष्णता, आटे, क्लिप किंवा जॉइनर यांनींच जोडावें. आणि औषधाच्या टांकीस कांहींच न लावतां ती बदलावी. दुकानदार "कशालाही चालतं" म्हणाला तर डबा खालीं ठेवून डब्यावरील मजकूर वाचावा. कशालाही चालणारें द्रव्य अजून निघालेलें नाहीं.

यंदां आबांच्या वावरांतून त्यांचा स्वतःचा पाइप टाकण्याचें काम निघालें, तेव्हां त्यांनीं मला निरोप धाडून बोलाविलें. मी गेलों तों पेलाभर पाणी व कापलेला तुकडा त्यांनीं आधींच तयार ठेविला होता. तुकडा बुडाला. "आतां सांगा, अण्णा," असें म्हणून त्यांनीं सोल्यूशनचा डबा माझ्या हातीं दिला. त्या सांध्यावर आम्ही दोघांनीं मिळून चोवीस तास पाणी सोडलें नाहीं.